फुली मारलीय तिथं सही कर

वयात आलेल्या पोरापोरींना काय काय यायला पाहिजे याच्या याद्या सगळीकडं फिरत असतात. स्वयंपाक यावा, गाडी यावी, पोहता यावं, चार लोकांत बोलता यावं, इंग्रजी यावं, आता त्यात एआय पण आलंय. यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही, सगळं यावं. पण या याद्यांमध्ये एक गोष्ट मला कधी दिसत नाही आणि माझ्या मते तीच पहिल्या नंबरला पाहिजे, ती म्हणजे समोर आलेला कागद पूर्ण वाचणं, कळलं नाही ते तिथल्या तिथं विचारणं, आणि पटलं नाही तर सही न करता उठून येणं. हे कॉलेजच्या पहिल्या वर्षाला सक्तीनं शिकवलं पाहिजे आणि याची सुरुवात कोल्हापुरातनं व्हायला पाहिजे असं माझं ठाम मत आहे, का ते सांगते.

१८ पूर्ण झाली की कायद्यानं माणूस सज्ञान. करार करता येतो, कर्ज काढता येतं, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहता येतं, आणि हे आजचं नाही, १८७५ च्या सज्ञानता कायद्यापासून चालत आलंय. मतदानाचा हक्क २१ वरून १८ वर यायला १९८९ उजाडलं, पण सहीला किंमत १८ लाच होती. म्हणजे बारावीचा रिझल्ट लागतो न लागतो तोवर पोराची सही कोर्टात चालायला लागते. आपण वाढदिवसाला केक कापतो, स्टेटसला फोटो ठेवतो, पण बाळा आजपासून तू जिथं सही करशील त्याची जबाबदारी तुझी, हे वाक्य किती घरांत बोललं जातं?

आता आपल्या जिल्ह्याचं बघा. दूध डेअरी, सेवा सोसायटी, साखर कारखाना, अर्बन बँक, पतसंस्था, इथं प्रत्येक घरातलं कोण ना कोण कुठल्या तरी संस्थेचं सभासद आहे. सहकारानं या भागातली कितीतरी घरं सावकाराच्या दारातून बाहेर काढली, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण इथलं बरंचसं छोटं कर्ज जामीनदाराच्या जिवावर उभं राहतं. दोन जामीनदार आण, एक पगारदार पाहिजे, असं सांगितलं जातं. आणि पगारदार म्हणजे कोण, तर शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नुकताच परमनंट झालेला तेवीस-चोवीस वर्षांचा पोरगा.

हे प्रत्यक्षात कसं होतं बघा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला मित्राचा फोन येतो, ‘भावा, दहा मिनिटं ये की, फक्त सही पाहिजे, बाकी काय बी नाय.’ भावा गाडी काढून जातो. शाखेत फाईल तयार असते. क्लार्कनं प्रत्येक पानावर पेन्सिलनं बारीक फुल्या मारून ठेवलेल्या असतात आणि तो बोट ठेवत ठेवत सांगत जातो, फुली मारलीय तिथं सही कर. कर्ज मागणी अर्ज, वचनचिठ्ठी, जामीनपत्र, पगारातून कपात करायला संमती दिल्याचं पत्र. फोटोवर अर्धी आणि कागदावर अर्धी अशी एक आडवी सही, आधारच्या झेरॉक्सवर एक, पॅनच्या झेरॉक्सवर एक. रक्कम लिहायची जागा कोरी, व्याजाचा दर कोरा, मुदत कोरी, तारीख कोरी, ‘ते नंतर भरून घेतो, साहेब मीटिंगला गेलेत.’ शेवटी दोन कोरे चेक. पाच मिनिटांत सगळं उरकतं, बाहेर येऊन चहा होतो, मित्र पाठीवर थाप मारतो. त्या पाच मिनिटांत आपण काय केलं हे भावाला कळायला कधी कधी तीन-चार वर्षं जातात.

माझं काम हिशेबाचं आहे, लोकांची रिटर्न भरते, जीएसटी बघते, त्यामुळं असले लिफाफे घेऊन लोक येतात. एक फाउंड्रीतला पोरगा आला होता, हातात पगाराची स्लिप, त्यात एका ओळीवर त्यानं पेननं गोल केलेला. म्हणाला, ‘ताई, हे कर्ज माझं न्हवंच, मग माझ्या पगारातनं का कापायलेत?’ त्याला मी कागद उलगडून दाखवला, त्याचीच सही, फुलीच्या बरोबर वर. लग्न ठरलेलं त्याचं, घराला लोन काढायचं चाललेलं, तिथं सिबिलला, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या कंपनीकडं, हे थकीत कर्ज दिसत होतं. ज्याच्यासाठी सही केली तो पुण्याला निघून गेलेला, फोन उचलत नव्हता.

कायदा काय म्हणतो? आपला करार कायदा १८७२ चा आहे आणि त्याचं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराच्या मागं लागा, त्याची गाडी ओढा, आणि उरलं तर जामीनदाराकडं या, असा काही क्रम त्यात नाही. ज्याचा पगार पक्का आणि पत्ता पक्का त्याच्याकडून वसुली सोपी, म्हणून नोटीस आधी त्याच्याच दारात. पगार कपातीच्या पत्राला सहकार कायद्याच्या कलम ४९ चा आधार असतो, आणि त्याच १९६० च्या कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळाला की दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं दावा चालवत बसायची गरज उरत नाही, थेट जप्तीपर्यंत जाता येतं. यात संस्थेनं अन्याय केला असं मी म्हणत नाही, ठेवी गावातल्याच लोकांच्या असतात, बऱ्याच म्हाताऱ्या माणसांच्या असतात, वसुली झालीच पाहिजे. आणि जामीनदारानं पैसे भरले तर ते मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क त्याला याच करार कायद्यानं दिलाय, कर्जाला काही तारण असेल तर त्यावरचा संस्थेचा हक्कही त्याच्याकडं येतो. पण हे पण त्या पोराला कुणी सांगितलेलं नव्हतं, तो भरत राहिला आणि गप्प बसला.

लगेच उत्तर येतं, ‘पोरं अनुभवानं शिकतात, आम्ही नाही का शिकलो?’ मला हे अजिबात पटत नाही. अनुभवाची फी एकट्याला बसत नाही, ती आईच्या दागिन्यांतून जाते, बहिणीच्या शिक्षणातून जाते. आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, हा अनुभव सगळ्यांना सारखा मिळत नाही. ज्याचा बाप बँकेत आहे, ज्याची मावशी वकील आहे, त्याला हे जेवता जेवता कळतं, ‘अरे कोऱ्या कागदावर सही करू नकोस’ असं त्याला दहाव्या वर्षापासून ऐकू येतं. ज्याचे आईवडील ऊसतोडीला जातात नाहीतर इचलकरंजीत यंत्रमागावर दोन शिफ्ट मारतात त्याला कोण सांगणार? कागद कळणं हे आपल्याकडं जमिनीसारखं वारशानं मिळतं, आहे त्याच्याकडं आहे आणि नाही त्याच्याकडं नाही. म्हणून हा प्रश्न घरावर सोडून चालणार नाही, तो सार्वजनिक प्रश्न आहे.

नाही म्हणणं हा यातला सगळ्यात अवघड भाग. आपल्याकडं मैत्री म्हणजे जीव टाकायचा, तालमीतला पोरगा रात्री दोनला हाक मारली तरी येतो, पुरात छातीएवढ्या पाण्यातून कुणाच्या तरी आजीला खांद्यावर घेऊन बाहेर काढतो, आणि अशा मित्राला सही नाकारायची म्हणजे तोंडातून शब्द फुटत नाही. पण नाही म्हणायची पण एक पद्धत असते आणि ती सरावानं येते. ‘फॉर्म घरी न्यायला दे, वाचून उद्या देतो.’ ‘रक्कम भर आधी, मग सही करतो.’ ‘लेका, जामीन राहणार नाही, पण माझ्याकडं वीस हजार आहेत, ते घे, जमतील तसे परत दे.’ हे शेवटचं मला सगळ्यात चांगलं वाटतं कारण त्यात मैत्री टिकते आणि नुकसान किती होणार ते आधीच ठरलेलं असतं. वर्गात पोरांना दोघा-दोघांत बसवून हे मोठ्यानं बोलायला लावलं पाहिजे, एकानं मागायचं आणि दुसऱ्यानं नाही म्हणायचं. पहिल्यांदा हसतील, तिसऱ्यांदा जमेल.

पोरींच्या बाबतीत हाच विषय वेगळ्या कागदावर येतो. हक्कसोडपत्र, म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडून दिल्याचा कागद. महाराष्ट्रात हिंदू वारसा कायद्यातल्या १९९४ च्या दुरुस्तीनं त्यानंतर लग्न होणाऱ्या मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हिस्सा मिळाला, २००५ ला तो देशभर आला आणि लग्न झालेल्या मुलींना पण लागू झाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं वडील २००५ ला हयात होते की नव्हते याचा संबंध नाही असं स्पष्ट केलं. कायदा एवढा पुढं आला, पण दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या बहिणी बघा. लग्न झालेली, कडेवर लेकरू, भावानं सांगितलंय की सातबारा सरळ करायचाय, अंगठा आणि फोटोसाठी तुला यावं लागतंय. ती येते, कॅमेऱ्याकडं बघते, सही करते, जेवून सासरी जाते. तिला द्यायचं असेल तर तिनं खुशाल द्यावं, भावाची परिस्थिती बेताची असते, म्हाताऱ्या आईला तोच बघतो, मी असल्या बहिणींना नावं ठेवणार नाही. पण आपण किती गुंठे सोडले, गट नंबर कुठला, घराची जागा यात आहे का, हे माहीत असून सोडणं आणि माहीत नसताना सोडणं यात फार मोठा फरक आहे. नोंदवलेलं हक्कसोडपत्र नंतर मागं घेणं सोपं नसतं, फसवणूक झाली म्हणून कोर्टात जायचं म्हटलं तर ती सिद्ध करावी लागते. वीस वर्षांच्या प्रत्येक पोरीला सातबारा, आठ-अ (एका खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) वाचता आला पाहिजे, आणि हे सगळं मोबाईलवर दिसतं आता, तलाठ्याकडं जायची पण गरज नाही. अजून एक, कायदेशीर सल्ला मोफत मिळायचा बाईला हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्यात ते लिहिलंय. जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण असतं, फोन १५१००.

व्याजाचं गणित. शाळेत सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज आपण सगळ्यांनीच केलंय, परीक्षेत मार्क पण मिळवलेत, आणि तरी मोबाईलच्या दुकानात नाहीतर टू-व्हीलरच्या शोरूममध्ये गंडतो. समजा एक लाखाचं कर्ज, तीन वर्षं, ‘फक्त दहा टक्के फ्लॅट’. व्याज झालं तीस हजार, एकूण एक लाख तीस हजार, ३६ हप्ते, महिन्याला साधारण ३,६११ रुपये. ऐकायला दहा टक्के. पण तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत चाललाय आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण लाखावर धरलंय, घटत्या शिलकीवर हिशेब केला तर हा दर जवळजवळ १८ टक्के पडतो. त्यात प्रोसेसिंग फी, विमा, फाईल चार्ज असलं काय काय घातलं की अजून वर. रिझर्व्ह बँकेनं १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना वैयक्तिक आणि छोट्या धंद्याच्या कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट देणं बंधनकारक केलंय, त्यात सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर लिहावा लागतो आणि तो कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावा लागतो. म्हणजे मराठीत मागता येतो. तुमच्या ओळखीत कुणी मागितलाय का? मागायचा असतो हेच माहीत नसेल तर नियम असून काय उपयोग.

आणि ठेवींचं पण सांगून टाकते कारण इथं भल्याभल्यांचा गोंधळ होतो. बँक बुडाली तर पाच लाखांपर्यंतची ठेव विम्यात असते, फेब्रुवारी २०२० पासून, आणि यात सहकारी बँका पण येतात. पतसंस्था येत नाहीत. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचा अंमल नाही, सहकार खात्याचा आहे. चांगल्या पतसंस्था भरपूर आहेत, पण एक-दीड टक्का जास्त व्याज मिळतंय म्हणून आजोबांच्या ग्रॅच्युइटीचे सगळे पैसे एकाच ठिकाणी ठेवायच्या आधी नातवानं एवढं विचारायला पाहिजे.

बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी घरभाड्याचा करार. दरवर्षी इथली किती पोरं पुण्याला जातात, आणि डिपॉझिटवरून रडत येतात. अकरा महिन्यांचा करार आहे म्हणून नोंदणी लागत नाही ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे, भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणं लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे हाच अकरा महिन्यांचा करार, लेखी आणि नोंदणी केलेलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची. केला नाही तर अटींबद्दल वाद झाल्यावर उलटं सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे नुसतं माहीत असलं तरी बोलताना आवाज वेगळा येतो.

मोबाईलवरच्या फसवणुकीबद्दल खूप लिहून झालंय, मी दोनच वाक्यं लिहिते. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरूनच अटक केली असं सांगणं, हा प्रकार आपल्या कायद्यात अस्तित्वात नाही. पैसे गेलेच तर लाज बाळगत बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा, जेवढा लवकर कराल तेवढे पैसे वाटेत अडवले जायची शक्यता जास्त.

स्वयंपाकाबद्दल मला एवढंच म्हणायचंय की पोरांनी पण शिकावा, भात-आमटी-भाजी-भाकरी, त्यात चर्चा करण्यासारखं काही नाही. पोहण्याबद्दल पण तेच, पंचगंगेच्या काठावर राहून पोहता येत नसेल तर ते आधी शिका.

पण पुराचा विषय कागदाशी जोडलेला आहे म्हणून थोडं लिहिते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट झालं की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी, हे आकडे इथल्या शाळकरी पोराला पण पाठ असतात. २०१९ आणि २०२१ ला पाणी पन्नास फुटांच्या वर गेलं, हायवे बंद पडला, शिरोळ तालुक्यात आणि चिखली-आंबेवाडीकडं माणसं अंगावरच्या कपड्यानिशी बाहेर पडली. जीव वाचवायला आपली माणसं तयार आहेत, त्यात कुणी हात धरणार नाही. अडलं ते पाणी उतरल्यावर. पंचनाम्याला कागद पाहिजे, मदत जमा व्हायला पासबुक पाहिजे, विम्याला पॉलिसी पाहिजे, आणि कपाटातली फाईल चिखलात. सगळे कागद डिजिलॉकर या सरकारी ॲपला टाकणं, उरलेल्यांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवणं हे एका रविवारचं काम आहे आणि घरातल्या वीस वर्षांच्या माणसाइतकं ते दुसऱ्या कुणाला सहज जमणार नाही. गाड्यांचं पण तसंच. पाण्यात बुडालेली गाडी सुरू करून बघायची नाही, आत पाणी असताना स्टार्टर मारला की इंजिन जातं आणि मग ते नुकसान पुराचं नाही, तुम्ही सुरू केल्यामुळं झालंय असं म्हणून क्लेम अडकतो, इंजिनचं वेगळं कव्हर नसेल तर. पॉलिसीच्या बारीक अक्षरात हे असतं.

आता हे शिकवायचं कुणी. मला वाटतं या शहराला हा प्रश्न पडायलाच नको. शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड ठेवला. ज्ञान घरावर सोडलं तर ते ठरावीक घरांतच राहतं हे त्यांनी ओळखलं होतं. १९०१ पासून त्यांनी एकामागून एक वसतिगृहं काढली, मराठा, जैन, मुस्लिम, अस्पृश्य म्हणून बाजूला ठेवलेल्या समाजासाठी मिस क्लार्क बोर्डिंग, खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा मिळावी म्हणून. तेव्हा वाचता येणं ही गरज होती. आज पोरगं वाचतं, डिग्री घेतं, आणि जामीनपत्र न वाचता सही करतं.

वेगळा विषय काढा, नवीन पुस्तक छापा, असं मी म्हणत नाही, कारण मग त्याची पण गाईड निघतील आणि पोरं आदल्या रात्री पाठ करून येतील. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास काम असतं. त्यातले वीस तास या कामाला द्या, आणि जे त्यात नाहीत त्यांच्यासाठी पहिल्या वर्षाला तेवढेच तास सगळ्यांना ठेवा, बीएला, बीकॉमला, इंजिनिअरिंगला, आयटीआयला तर आधी, कारण आयटीआयचा पोरगा सगळ्यात लवकर पगारदार होतो आणि जामीनदार म्हणून पहिला त्यालाच बोलावतात. परीक्षा कागदाचीच घ्या. प्रत्येकाच्या हातात खरे नमुने द्या, कर्जाचा फॉर्म, भाडेकरार, सातबारा, विम्याची पॉलिसी, पगाराची स्लिप, आणि विचारा यात काय लिहिलंय, काय कोरं आहे, तू कुठं सही करशील आणि कुठं करणार नाहीस. संस्थांनी पण यात उतरावं, ज्या पतसंस्थेचा जामीनदार सगळं समजून सही करतो तिची थकबाकी कमीच राहणार, त्यांचाच फायदा आहे.

शिकवायला माणसं नाहीत हे कारण तर कोल्हापुरात कुणी देऊच नये. बँकेतून, तहसीलमधून, रजिस्ट्रार ऑफिसातून, सहकार खात्यातून रिटायर झालेली किती माणसं रोज सकाळी रंकाळ्यावर फिरायला येतात, तीस-तीस वर्षं हेच कागद हाताळलेली. फुल्या कोण कुठं मारतं आणि कोऱ्या जागेत नंतर काय भरलं जातं हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. जूनमध्ये कॉलेजं सुरू होतात, प्राचार्यांनी मेमध्येच त्यांना जाऊन भेटावं, आठवड्याला एक तास मागावा. मी माझ्यापुरता शनिवारचा तास द्यायला तयार आहे, पगाराची स्लिप आणि व्याजाचं गणित हे दोन विषय माझ्याकडं.